डिपस्टिक नसलेल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचे तेल कसे तपासावे आणि बदलावे

बॉनेट उघडून ऑटोमॅटिक गिअरबॉक्सची डिपस्टिक, म्हणजे तेलाची पातळी पाहण्याची पट्टी, शोधायला गेले, तर अलीकडच्या पुष्कळ गाड्यांमध्ये ती सापडतच नाही. तेल पुरेसे आहे की नाही हे पाहण्याची सोय तिथेही असते. फक्त ती गाडीच्या खाली, गिअरबॉक्सच्या चेंबरला (तळाशी तेल साठवणाऱ्या भांड्याला) किंवा त्याच्या कडेला बसवलेल्या एका बोल्टच्या रूपात असते. तेल काढणे आणि भरणे हा या कामातला सोपा भाग आहे. खरी कसोटी पातळी अचूक जुळवण्यात लागते आणि ती पातळी तेलाच्या तापमानाशी बांधलेली असते.

हे तेल आयुष्यभरासाठी भरलेले आहे, असे काही वाहन कंपन्या सांगतात. मला ते पटत नाही. अनेक कंपन्यांना गिअरबॉक्स पुरवणारी झेडएफ स्वतःच्या गिअरबॉक्ससाठी, गाडी कशी वापरली जाते त्यानुसार, ८०,००० ते १,२०,००० किलोमीटरनंतर किंवा उशिरात उशिरा ८ वर्षांनी तेल बदलायला सांगते. वंगण करण्याबरोबरच क्लचपर्यंत दाब पोहोचवणे, उष्णता वाहून नेणे आणि क्लचच्या प्लेटांमधले घर्षण ठरावीक ठेवणे ही कामेही हेच तेल करत असल्यामुळे, उष्णतेने त्याचे गुण उतरू लागले की गिअर बदलताना धक्के जाणवू लागतात.

पातळीच्या बोल्टची रचना समजली की पुढचे सारे सोपे होते. अनेक गिअरबॉक्समध्ये चेंबरच्या तळाशी एक छोटी उभी नळी असते आणि तिचे वरचे तोंड बरोबर योग्य पातळीवर असते. तेल त्याहून जास्त असेल तर बोल्ट काढल्यावर ते नळीतून खाली ओघळते आणि कमी असेल तर काहीच येत नाही. मात्र तेल तापले की फुगते, म्हणून ठरलेल्या तापमानापेक्षा गरम तेलावर तपासणी केली तर गरजेपेक्षा जास्त तेल वाहून जाऊन गिअरबॉक्स उपाशी राहतो आणि थंड तेलावर केली तर तो जास्त भरला जातो. झेडएफच्या ६ आणि ८ गिअरच्या अनेक गिअरबॉक्ससाठी ही मर्यादा ३० ते ५० अंश सेल्सिअस आहे. तपासणी बहुतेक वेळा इंजिन चालू ठेवून करायची असते, कारण इंजिन बंद असताना पंप थांबतो, वरच्या भागातले तेल चेंबरमध्ये उतरते आणि पातळी खोटी दिसते. काही गिअरबॉक्समध्ये मात्र इंजिन बंद करून पाहायचे असते, त्यामुळे आपल्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमधली पद्धत आणि तापमान आधी वाचून घ्यावे.

तेल मॅन्युअलमध्ये दिलेल्या प्रतीचेच घ्यावे. सीव्हीटी (ठरावीक गिअरांऐवजी वेगाचे प्रमाण सलग बदलणारा) आणि ड्युअल क्लच (दोन क्लचचा) या प्रकारच्या गिअरबॉक्सची तेले वेगळी असतात आणि एकाच्या जागी दुसरे चालत नाही. बोल्टचे नवे वॉशर, तेल वर चढवण्यासाठी हातपंप, मापाचे भांडे आणि गाडीच्या संगणकाला जोडून तेलाचे तापमान दाखवणारा ओबीडी स्कॅनर जवळ हवा. गाडी चारही बाजूंनी सारख्या उंचीच्या स्टँडवर, पूर्ण सपाट उभी असावी. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही शिरू नये. तपासणीच्या वेळी इंजिन चालू राहणार असल्याने जागा मोकळ्या हवेची असावी आणि ब्रेकवर पाय ठेवून बसायला एक माणूस सोबत असावा.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट: तेल भरण्याचा बोल्ट आधी उघडावा आणि मगच तेल काढण्याच्या बोल्टला हात लावावा. नुसती पातळी तपासायची असली तरी हाच क्रम ठेवावा. भरण्याचा बोल्ट वर्षानुवर्षे न उघडल्यामुळे जाम बसलेला असू शकतो. त्याचे डोके घसरून गोल झाले आणि खालून तेल आधीच निघून गेले असेल, तर गाडी जागेवरून हलवता येत नाही. तेल काढण्याचा बोल्ट गिअरबॉक्सचाच आहे, इंजिनचा नाही, याचीही दोनदा खात्री करून घ्यावी.

निघालेले तेल मोजून ठेवावे, कारण तेवढेच नवे तेल सुरुवातीला भरायचे असते. टोयोटाच्या काही गिअरबॉक्समध्ये पातळीची नळीच आट्यांवर बसवलेली असते आणि ती अ‍ॅलन कीने (सहा कोनी टोकाच्या पान्याने) सोडवल्याशिवाय चेंबर रिकामा होत नाही. चेंबर उतरवला तर फिल्टर आणि गॅस्केट बदलावे आणि तळातले चुंबक पुसून घ्यावे. त्यावर राखाडी, मऊ गाळ असणे स्वाभाविक आहे. धातूचे टोकदार तुकडे बोटाला लागले, तर बिघाड आत आहे आणि नुसते तेल बदलून तो जाणार नाही.

भरून झाल्यावर इंजिन सुरू करावे आणि ब्रेक दाबून ठेवून लिव्हर प्रत्येक गिअरमध्ये काही सेकंद थांबवत फिरवावा, म्हणजे आतल्या वाटा तेलाने भरतात. मग लिव्हर पार्कमध्ये आणून स्कॅनरवर तापमान पाहत राहावे आणि ते मर्यादेत शिरताच पातळीचा बोल्ट सावकाश काढावा. नळीत साचलेले थोडे तेल प्रथम बाहेर येते. त्यावरून पातळी पुरेशी आहे असे समजू नये. त्यानंतर काहीच आले नाही, तर वरून थोडे थोडे तेल घालत राहावे. जास्तीचे तेल आधी सलग धारेने पडते, मग धार बारीक होते, तुटू लागते आणि शेवटी थेंब थेंब गळू लागते. तोच बोल्ट लावण्याचा क्षण. मधेच तापमान मर्यादा ओलांडून गेले, तर अंदाजाने पुढे न जाता बोल्ट लावून इंजिन बंद करावे आणि तेल थंड झाल्यावर तपासणी पुन्हा करावी.

एका वेळी सारे तेल निघत नाही, कारण बरेचसे टॉर्क कन्व्हर्टरमध्ये (इंजिनची ताकद तेलातून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागात) राहते. समजा, एकूण १० लिटरपैकी ४ लिटर निघाले, तर पहिल्यांदा ४० टक्के तेल नवे होते, मधे गाडी चालवून तेच पुन्हा केले की ६४ टक्के आणि तिसऱ्यांदा सुमारे ७८ टक्के. जुन्या, दुर्लक्षित गिअरबॉक्ससाठी मी यंत्राने दाब देऊन धुण्यापेक्षा हाच संथ मार्ग निवडतो.

बोल्ट नव्या वॉशरसह टॉर्क पान्याने (आवळण्याचा जोर मोजणाऱ्या पान्याने), मॅन्युअलमध्ये दिलेल्या जोरानेच आवळावेत. ॲल्युमिनियमच्या चेंबरचे आटे सहज जातात. जुने तेल बंद डब्यात भरून वापरलेले तेल स्वीकारणाऱ्या ठिकाणी द्यावे. रात्री गाडीखाली कोरा पुठ्ठा पसरून ठेवावा आणि सकाळी त्यावर एखादा ठिपका दिसला, तर कुठला बोल्ट गळतो ते शोधून, त्याचे वॉशर बदलून पातळी पहिल्यापासून पुन्हा तपासावी.