तोंड तपासायला नेताना: सोबत जाणाऱ्याची तयारी

तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही की ती दाखवायची. फार तर तीन, त्यापुढे नाही. पुण्यात डॉक्टरांची टंचाई नाही. वेळ जातो तो घरात. ‘तोंड आलंय’ म्हणून मेडिकलमधून जेल आणायचं, मग बी-कॉम्प्लेक्स, मग उष्णता झाली असेल म्हणून गुलकंद, आणि तेवढ्यात गणपती आले म्हणून आणखी पंधरा दिवस. दुखणं ज्याचं आहे तो चालढकल करणारच, म्हणून ही यादी त्याला घेऊन जाणाऱ्यासाठी लिहिली आहे. भाचा, सून, मुलगी, शेजारी, जे कुणी असेल ते.

जायच्या आधी घरी एकदा नीट बघून घ्या. खिडकीपाशी खुर्ची, हातात मोबाइलचा टॉर्च आणि गाल बाजूला ओढायला स्टीलचा चमचा, एवढं पुरतं. कवळी असेल तर काढायला लावा, तिच्याखालची जागा हमखास बघायची राहते. आधी ओठ उलटे करून आतून पाहा, मग दोन्ही गाल, मग गाल आणि हिरडी यांच्यामधली खाच. तंबाखू किंवा मावा धरून ठेवतात तो याच खाचेत, आणि आपल्याकडचे तोंडाचे कॅन्सर बरेचसे इथेच सुरू होतात. जीभ बाहेर काढायला सांगून टोक रुमालाने धरा आणि दोन्ही कडा शेवटपर्यंत बघा. नंतर जीभ टाळूला लावायला सांगून खालची जागा. पुसून न निघणारा पांढरा चट्टा, लालभडक मखमली चट्टा, कडा जाड आणि कडक झालेली जखम, कारण नसताना हलू लागलेला दात, मानेतली न दुखणारी गाठ, यातलं काहीही दिसलं तर कागदावर टिपून ठेवा. लाल चट्टा दिसायला किरकोळ वाटतो, पण डॉक्टरांना पांढऱ्यापेक्षा त्याची जास्त धास्ती असते. आणि ‘दुखत तर नाही ना’ यावर जाऊ नका, सुरुवातीला हे बहुतेक वेळा दुखतच नाही.

मग तोंड पूर्ण उघडायला सांगा. ज्याची त्याची तीन बोटं, उभी एकावर एक धरून, वरच्या आणि खालच्या दातांमध्ये जायला हवीत. दोनच जात असतील, पाणीपुरी तोंडात मावत नसेल, साधी आमटीही झोंबत असेल, तर सबम्यूकस फायब्रोसिसचा संशय घ्यायचा. सुपारीने गालाच्या आतलं अस्तर हळूहळू ताठ होत जातं, आणि अशा तोंडात पुढे कॅन्सर होण्याचा धोका वाढतो. ‘मी तंबाखूला हात लावत नाही, जेवणानंतर चिमूटभर मसाला सुपारी फक्त’ असं सांगणारे सदाशिव पेठेपासून हडपसरपर्यंत भेटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४च्या अहवालात तंबाखूविना सुपारीलाही कर्करोगकारक ठरवलेलं आहे, तेव्हा ती चिमूटही डॉक्टरांना सांगायची.

दिसेल त्याचा फोटो काढा, दोनचार दिवसांनी पुन्हा त्याच जागेचा काढा. जखम वाढतेय की आटतेय हे तोंडी वर्णनापेक्षा फोटोत लवकर कळतं.

आता तो कागद. एका पानावर लिहायचं: जखम पहिल्यांदा कधी लक्षात आली, कुठल्या बाजूला, त्यावर आजवर काय काय लावलं. मग व्यसनाचा हिशेब: काय, दिवसाला किती वेळा, किती वर्षं, कुठल्या गालात. इथे प्रश्न कसा विचारता याला फार महत्त्व आहे. ‘तंबाखू खाता का?’ म्हटलं तर मावशी ठामपणे नाही म्हणतील, कारण मिश्री त्यांच्या लेखी दात घासायची वस्तू आहे, डबी बेसिनपाशी पेस्टच्या शेजारी असते. तेव्हा ‘मिश्री दिवसातून किती वेळा लावता?’ असंच विचारा. गुटख्याचंही तेच. २०१२ पासून राज्यात बंदी आहे, म्हणून ‘गुटखा सोडला’ असं उत्तर येतं. पानमसाल्याची पुडी आणि सोबत तंबाखूची वेगळी पुडी विकत घेऊन एकत्र केली की तो यांच्या हिशेबी गुटखा राहत नाही. दारूही लिहा, तंबाखूच्या जोडीला ती असली की धोका कितीतरी वाढतो. आणि तपासणीच्या खोलीत काकांना दोन मिनिटं डॉक्टरांपाशी एकटं सोडा. सुनेसमोर कुणी खरा आकडा सांगत नाही.

चालू गोळ्यांची नावं पाठ सांगण्यापेक्षा पाकिटंच पिशवीत टाका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती पहिल्यांदा सांगायची, पण तपासणीसाठी जखमेचा तुकडा काढायचाय म्हणून आपल्या मनाने बंद करायची नाही. मधुमेह असेल तर अलीकडचा शुगरचा रिपोर्ट घ्या. त्या दिवशी सकाळी नेहमीसारखे दात घासायचे, जखमेवर हळद, जेल, काहीही लावायचं नाही. रंगलेल्या जखमेत बघणार काय?

कुठे जायचं यावर घरात फार खल करू नका. कुठल्याही दंत महाविद्यालयातला ओरल मेडिसिन, म्हणजे तोंडाचे आजार बघणारा विभाग ही चांगली पहिली पायरी आहे: धनकवडीचं भारती विद्यापीठ, आझम कॅम्पसमधलं रंगूनवाला, वडगावचं सिंहगड, पिंपरीचं डी. वाय. पाटील. ससूनही आहेच. तिथे गाडी घेऊन जाण्याचा हट्ट नको, मेट्रोने पुणे रेल्वे स्टेशनला उतरा. मानेत गाठ लागत असेल तर थेट हेड अँड नेक कॅन्सर सर्जनची वेळ घ्या. सगळंच कॅन्सर निघतं असं नाही. दाताची टोकदार कड घासून टाकली की पंधरा दिवसांत भरून येणाऱ्या जखमा असतात, कवळीखालची बुरशी असते, लायकेन प्लेनस नावाचा तोंडाच्या अस्तराचा जुनाट आजार असतो. पण हे तपासणाऱ्याने म्हणायचं, आपण नाही.

बायोप्सीला, म्हणजे तुकडा काढून तपासण्याला, बरेच जण घाबरतात ते ‘सुई लागली की पसरतं’ या ऐकीव गोष्टीमुळे. तसं होत नाही. जागेवर भूल देऊन जखमेच्या कडेचा काही मिलिमीटरचा तुकडा घेतात, एखाददुसरा टाका पडतो, त्याच दिवशी घरी. या भुलीसाठी उपाशी राहायचं नसतं. वेगळं सांगितलं नसेल तर नाश्ता करून, नेहमीच्या गोळ्या घेऊनच न्या. त्या दिवशी गरम आणि तिखट बंद, घरी गार दहीभात किंवा पेज तयार ठेवा. तुकडा फॉर्मॅलिनच्या छोट्या बाटलीत टाकतात आणि अनेक ठिकाणी ती बाटली लॅबपर्यंत नातेवाइकांनाच न्यावी लागते. हातात घेतल्यावर आधी लेबल वाचा: नाव, वय, तोंडातली जागा, डावी की उजवी. झाकण घट्ट आहे ना तेही बघा. या अर्ध्या मिनिटासाठी कितीही गर्दी असली तरी थांबा.

कागदपत्रांत आधार कार्ड आणि रेशन कार्ड, दोन्ही मूळ आणि झेरॉक्स. महात्मा फुले जन आरोग्य योजनेसाठी ती लागतात. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्राचा टेबल असतो, तिथे आधी जायचं, कारण मंजुरी उपचार सुरू होण्यापूर्वी घ्यावी लागते. मोठ्या धर्मादाय रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन आणि १० टक्के दुर्बल घटकांतल्या रुग्णांसाठी ठेवाव्या लागतात. त्यासाठी तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो, आणि तो एका दिवसात मिळेल या भरवशावर राहू नका.

रिपोर्ट आला की त्यात ‘डिस्प्लेशिया’ आहे की ‘कार्सिनोमा’ हे विचारून घ्या. पहिला म्हणजे पेशी बिघडू लागल्यात, दुसरा म्हणजे कॅन्सर. दुसरं मत घ्यायचं ठरलं, विशेषतः मुंबईला टाटाला जायचं असेल, तर लॅबमधून नुसता रिपोर्ट आणू नका, काचेच्या स्लाइड आणि तुकडा ज्यात जपून ठेवतात ते मेणाचे ब्लॉकही मागून घ्या. नाहीतर पहिली फेरी फुकट जाते. सर्जनने तोंडातला कॅन्सर लहान असतानाच मानेतल्या ग्रंथी काढायचं सुचवलं तर घरात ‘मानेला कशाला हात लावायचा’ असा सूर निघतो. टाटा रुग्णालयाच्याच २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, सुरुवातीच्या अवस्थेतल्या ज्या रुग्णांच्या ग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढल्या त्यांच्यातले ८० टक्के तीन वर्षांनी हयात होते, मानेत गाठ दिसेपर्यंत थांबलेल्यांतले ६७.५ टक्के. हे सांगितलं की चर्चा लवकर आटोपते.

रेडिएशन द्यायचं ठरलं तर त्याआधी दात दाखवून घ्यायचे. किडलेले दात आधी काढून जखम भरायला साधारण दोन आठवडे हवेत. रेडिएशननंतर दात काढला तर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. शस्त्रक्रियेनंतर तोंड आखडू नये म्हणून व्यायाम असतात, ते कंटाळवाणे असले तरी काही दिवस तुम्हीच समोर बसून करून घ्या.

तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ हा सरकारी क्विटलाइनचा नंबर आहे, फोन फुकट लागतो. निदानानंतरही सोडण्याचा उपयोग होतो. घरात मिश्री लावणारं किंवा सुपारी चघळणारं आणखी कुणी असेल तर त्यांनाही त्याच फेरीत घेऊन जा. केसपेपर मात्र वेगळा काढावा लागेल.