घरच्या लेथवर क्रॉलरचे पार्ट करताय? या चुका टाळा

चतुर्थी आटपली, पाऊस ओसरला की व्हाळांतले कातळ उघडे पडतात आणि फोंड्याला माझ्या पडवीत क्रॉलर, म्हणजे रिमोटवर चालणाऱ्या, कातळ चढणाऱ्या छोट्या गाड्या, यायला लागतात. कुणाचं पुढचं चाक डुलतं, कुणाच्या लिंकमधून, म्हणजे अ‍ॅक्सल चेसिसला जोडणाऱ्या दांड्यांमधून, आटे सुटून आलेले असतात, कुणाचा गिअर खाल्लेला असतो. कंपनीतून आली तेव्हा ही गाडी बरी चालत होती. मग मालकाने छोटा लेथ घेतला, किंवा ओळखीच्या वर्कशॉपमध्ये रविवारी लेथ मिळाला, आणि पंधरा दिवसांत निम्मं प्लास्टिक काढून त्या जागी धातू बसवला. पार्ट दिसायला सुरेख असतात, पण गाडी आधीपेक्षा वाईट चालते. बारा वर्षं मी हे काम करतो आहे आणि दर हंगामात त्याच चुका टेबलावर येतात, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पकड सोडली की सेंटर गेलं

ही चूक मला सगळ्यात जास्त छळते, म्हणून तिच्यावर जरा जास्त लिहितो.

गेल्या ऑक्टोबरात डिचोलीचा एक मुलगा गाडी घेऊन आला. "काका, पुढचा डिफ गेलाय. दोनदा गिअर बदलले, तरी टक-टक जात नाही." डिफ म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधला गिअरचा डबा. एकास दहा मापाची गाडी, पुढे-मागे पितळी हेक्स, त्याने स्वतः केलेले. हेक्स म्हणजे चाक आणि अ‍ॅक्सल यांच्यामधला 12 मिमीचा षटकोनी तुकडा. गाडी मी ठोकळ्यावर ठेवली, पुढची चाकं मोकळी केली आणि टायरच्या कडेला पेन्सिल धरून चाक हाताने सावकाश फिरवलं. अर्धा फेरा पेन्सिल टायरला घासत गेली, उरलेल्या अर्ध्यात मध्ये फट दिसली. डिफ उघडायची गरजच नव्हती.

झालं होतं असं. त्याने पितळेचा तुकडा तीन जबड्यांच्या चकात धरून एका बाजूने फेसिंग मारलं, म्हणजे तोंड सपाट कापलं. मग जॉब (लेथवर धरलेला तुकडा) काढला, उलटा धरला आणि मागून 5 मिमीचं भोक पाडलं. तीन जबड्यांचा स्वस्त चक जॉब पुन्हा त्याच जागी कधीच धरत नाही. थोडा सरकतो, थोडा कलतो. आता हिशेब करा. हेक्सच्या 12 मिमीच्या तोंडावर फक्त 0.1 मिमीचा कल राहिला, तर 115 मिमीच्या टायरच्या कडेला तोच कल जवळजवळ एक मिलिमीटर होतो. वर पिनचा खाचा त्याने कानशीने केला होता, एका बाजूला जास्त खोल. 2 मिमीच्या पिनसाठी खाचा 2.4 मिमी रुंद झाला होता. गाडी पुढून मागे वळवली की पिन त्या खाच्यात आपटायची. टक-टक तिथून येत होती आणि बिचाऱ्याने नवे गिअर दोनदा विकत घेतले होते.

माझी सवय सांगतो. ज्या दोन पृष्ठभागांचं एकमेकांशी नातं आहे, ते एकाच पकडीत करायचे. हेक्ससाठी मी पितळेचा षटकोनी रॉडच घेतो. तीन जबड्यांचा चक षटकोन व्यवस्थित धरतो, फक्त 12 मिमी आहे का ते सहाही बाजूंना व्हर्नियर लावून बघायचं. फेसिंग, सेंटर ड्रिल, 4.8 चं ड्रिल, मग 5 मिमीचा रीमर (भोक नेमक्या मापाला आणणारं हत्यार), आणि शेवटी पार्टिंग, म्हणजे तुकडा कापून वेगळा करणं. मधे चकाची चावी हातात घ्यायची नाही. चाक ज्या तोंडावर टेकतं ते तोंड आणि भोक एका पकडीत झालं की डुलणं संपलं. सरळ 5 चं ड्रिल मारून मोकळे होणारे पुष्कळ आहेत. ड्रिल नेहमी आपल्या मापापेक्षा थोडं मोठंच भोक पाडतं, अ‍ॅक्सलवर हेक्स सैल बसतो आणि पुढे नटाला दोष दिला जातो.

पार्ट आधीच वाकडे झाले असतील तर फेकू नका. चकात एक रॉड धरा, तो 5 मिमीला भोकात जेमतेम सरकेल असा टर्न करा, टोकाला आटे पाडा, आणि चकातून न काढता त्याच्यावर तो हेक्स नटाने आवळून तोंडाला हलकं फेसिंग मारा. त्या मुलाचे दोन हेक्स मी असेच सरळ केले. उरलेल्या दोन हेक्सचे खाचे वाया गेले होते, ते नव्याने करावे लागले.

मी हे काम ज्यांच्याकडे शिकलो ते मेस्त (मिस्त्री) बार्ज दुरुस्तीच्या वर्कशॉपमध्ये टर्नर होते. मायक्रोमीटर उचलण्याआधी ते लेथ थांबवायचे आणि जॉबवर पंजा ठेवायचे. मला घाई असायची. ते म्हणायचे, "हात लावन पळय, हून आसा." म्हणजे हात लावून बघ, गरम आहे. बेअरिंगची 15 मिमीची जागा अ‍ॅल्युमिनियममध्ये कापताना जॉब चाळीस अंशांनी तापला, तर भोक सुमारे 0.014 मिमी फुगलेलं असतं. ऐकायला हे काहीच नाही. पण बेअरिंग घट्ट बसणार की सैल, ते एवढ्यातच ठरतं. गरम असताना बरोबर वाटलेली जागा थंड झाल्यावर आवळते, बेअरिंग ठोकून बसवावं लागतं आणि हाताने फिरवलं की दाणे लागल्यासारखं अडतं. जॉब गार होऊ द्या, तोवर चहा घ्या. आणि बेअरिंग दाबताना बाहेरच्या रिंगवर दाबा, आतल्या रिंगवर कधीही नाही.

समुद्राचं पाणी आणि स्टेनलेस स्क्रू

ही चूक माझ्या स्वतःच्या हातून झाली आहे आणि मला ती महाग पडली. 6061 अ‍ॅल्युमिनियमच्या लिंकचा संच मी दोन आठवडे खपून केला होता. स्क्रू सगळे स्टेनलेसचे, कारण आपल्या हवेत साधे स्क्रू महिन्याभरात तांबूस होतात. डिसेंबरात ओहोटीला हणजुण्याच्या खडकांवर गाडी चालवली. दोन-तीनदा लाटेचं पाणी चेसिसपर्यंत आलं. घरी येऊन वरवर पुसली, पिशवीत घातली आणि ती तशीच राहिली.

पुढच्या महिन्यात पिशवी उघडली तेव्हा प्रत्येक स्क्रूच्या डोक्याभोवती पांढरी पूड फुललेली होती. स्टेनलेस आणि अ‍ॅल्युमिनियम खाऱ्या पाण्यात एकत्र आले की अ‍ॅल्युमिनियम स्वतः झिजून स्टेनलेसला वाचवतं. गंज आट्यांत भरतो आणि स्क्रू जागीच धरतो. पहिल्या स्क्रूची अ‍ॅलनची खाच गोल झाली, दुसऱ्याचं डोकं तुटून हातात आलं. आठांपैकी चार लिंक भंगारात टाकल्या.

तेव्हापासून अ‍ॅल्युमिनियममध्ये जाणाऱ्या प्रत्येक स्टेनलेस स्क्रूच्या आट्यांना मी काहीतरी लावतोच. सुटायला नको तिथे निळा थ्रेडलॉक (आटे धरून ठेवणारा चिकट द्रव), बाकी ठिकाणी ग्रीस. समुद्रावरून आलं की त्याच संध्याकाळी इलेक्ट्रॉनिक्स सांभाळून नळाच्या पाण्याने धुवायचं, वाऱ्यावर वाळवायचं, बेअरिंगांना तेलाचा थेंब द्यायचा. दमलो असलो तरी आधी हे, मग जेवण. थ्रेडलॉक प्लास्टिकला लागू देऊ नका. एबीएस आणि पॉलिकार्बोनेट त्याने तडकतात, आणि बॉडी नेमकी पॉलिकार्बोनेटचीच असते.

आत डोंगराकडे, हरवळ्याच्या बाजूच्या ओढ्यांत खारं पाणी नाही, पण तिथे जांभा आहे. कोरड्या जांभ्यावर टायर सुंदर पकडतो, म्हणून मला तो फार आवडतो. पण त्याची लाल धूळ उघड्या गिअरवरच्या ग्रीसमध्ये मिसळली की गॅरेजमध्ये व्हॉल्व घासायला वापरतात तसली पेस्ट तयार होते. स्पर गिअर (मोटरवरच्या छोट्या गिअरने फिरणारा मोठा गिअर) उघडा असेल तर त्याला ग्रीस लावूच नका. लावायचंच असेल तर आधी कव्हर करा.

"सगळंच धातूचं करून टाकू"

मडगावच्या एका गृहस्थांनी नकल (पुढची चाकं वळवणारे तुकडे) पितळी केले, मागचे लॉकआउट (मागच्या टोकांचे न वळणारे तुकडे) पितळी, सगळ्या लिंक स्टीलच्या, चेसिसवर अ‍ॅल्युमिनियमची प्लेट आणि छपरावर अ‍ॅल्युमिनियमचं कॅरियर. त्यांची मेहनत मला मनापासून आवडली. पण गाडी चढावर मागे कलंडायची. पितळ अ‍ॅल्युमिनियमच्या तिपटीहून जड आहे, ते खाली आणि पुढे हवं. मागे आणि वर वजन वाढवलं की पुढे केलेलं काम फुकट जातं. स्वयंपाकघरातला वजनकाटा घ्या, त्याच्याच उंचीचे तीन लाकडी ठोकळे घ्या आणि एकेक चाक काट्यावर घेऊन चारही वजनं कागदावर लिहा. पुढे 55 ते 60 टक्के आलं की थांबा. मी त्यांचं छपरावरचं कॅरियर काढायला लावलं आणि मागचं पितळही काढलं. तोच कातळ गाडी दुसऱ्या प्रयत्नात चढली.

दुसरं म्हणजे, चाक फटीत अडकलं आणि तुम्ही थ्रॉटल दाबून धरलं तर काहीतरी तुटणारच. मी मधला ड्राइव्ह शाफ्ट (गिअरबॉक्सपासून डिफपर्यंत फिरणारी दांडी) मुद्दाम प्लास्टिकचा ठेवतो. तो स्वस्त मिळतो आणि कातळावर बसून दहा मिनिटांत बदलता येतो. तो स्टीलचा केला की तीच मार गिअरबॉक्सच्या आत जाते.

आणि एका वेळी एकच पार्ट बदला. पाच पार्ट एका रात्रीत बसवून सकाळी "गाडी बिघडली" म्हणून फोन करणाऱ्यांना मी चार पार्ट काढून ठेवायला सांगतो. त्यांना राग येतो, पण दुसरा उपाय मला माहीत नाही.

थोडक्यात आटपण्यासारख्या चुका

लिंकमध्ये आटे उथळ पाडणं. अ‍ॅल्युमिनियममध्ये स्क्रूच्या व्यासाच्या दुप्पट खोली तरी हवी, म्हणजे एम4 ला 8 मिमी. ड्रिल एम3 ला 2.5 आणि एम4 ला 3.3. टॅपला रॉकेल लावा, अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. टॅप आत तुटला तर तो तुकडा गेला असं समजा.

पिनियनचं, म्हणजे मोटरच्या शाफ्टवरच्या छोट्या गिअरचं, भोक. 540 मापाच्या मोटरचा शाफ्ट 3.175 मिमीचा असतो, म्हणजे आपले जुने टर्नर म्हणतात तसा बरोबर एक सूत (इंचाचा आठवा भाग). 3.2 चं ड्रिल मारून केलेला पिनियन सेंटर सोडून फिरतो, गिअर अर्ध्या फेऱ्यात घट्ट आणि अर्ध्यात सैल लागतात.

48 पिच आणि 0.5 मॉड्यूल एकत्र लावणं. पिच आणि मॉड्यूल ही गिअरच्या दाताची दोन मापं. 48 पिच म्हणजे 0.53 मॉड्यूल. दोन्ही दिसायला सारखे, पण दात खातात. 32 पिच आणि 0.8 मॉड्यूल मात्र चालून जातात.

पितळेत नवंकोरं धारदार ड्रिल मारणं. ते स्क्रूसारखं आत ओढलं जातं आणि जॉब चकातून निखळतो. ड्रिलच्या धारेवर दगडाने अगदी बारीक सपाट पट्टी घासून घ्या. पितळेचं एक वेगळं ड्रिल मी लाल रंग लावून बाजूला ठेवलं आहे.

हातमोजे घालून लेथ चालवणं. यावर चर्चा नाही. मोजे काढा, चष्मा घाला. पितळेचा कीस सुईसारखा डोळ्यात जातो.

जड पितळी नकल बसवल्यावर स्टिअरिंग मारताच गाडी क्षणभर मरते, हे नकलमुळे होत नाही. सर्वो (स्टिअरिंग फिरवणारी मोटर) अडला की त्याला लागणारा करंट ईएससीतला (मोटरचा वेग सांभाळणाऱ्या सर्किटातला) बीईसी, म्हणजे सर्वो आणि रिसीव्हरला वीज पुरवणारा भाग, देऊ शकत नाही आणि रिसीव्हर रीसेट होतो. वेगळा बीईसी बसवा आणि स्टिअरिंगचा एंड पॉइंट (वळण्याची शेवटची मर्यादा) रिमोटवर कमी करा, म्हणजे सर्वो टोकाला जाऊन ढकलत राहणार नाही.

लेथच्या बेडकडे पावसात दुर्लक्ष. जुलैत दोन दिवस तेल लावलं नाही तर बेडवर तांबूस थर येतो. मी काम संपल्यावर पुसून तेल लावतो आणि वर सुती चादर टाकतो. प्लास्टिक टाकलं तर आत घाम धरतो.

टक-टक ऐकू आली तर माझा क्रम असा असतो. आधी चाकाचे नट, मग पेन्सिल धरून टायर. नंतर चाक धरून हेक्स पिनवर हलतो का ते बघतो. मग पिनियनचा ग्रब स्क्रू (बिनडोक्याचा बारीक स्क्रू) शाफ्टच्या सपाट जागेवरच बसला आहे ना, आणि ड्राइव्ह शाफ्टच्या दोन्ही टोकांच्या पिना. पुढे कागदाची पट्टी गिअरमध्ये घालून फिरवतो, ती न फाटता घडी पडून बाहेर आली की मेश, म्हणजे दातांमधली फट, ठीक. डिफचे स्क्रू सगळ्यात शेवटी सोडतो, आणि दहातल्या आठ गाड्यांत तिथपर्यंत जावंच लागत नाही.