मासे सोडण्याचा क्रम चुकला, तो असा सुधारला

माशांना विषारी असलेले अमोनिया, नायट्राइट शून्यावर आले, पाण्याचं विशिष्ट गुरुत्व (खारेपणाचं माप) १.०२५ वर स्थिरावलं आणि मी रीफ टँकमध्ये, म्हणजे प्रवाळांच्या खाऱ्या पाण्याच्या टाकीत, सगळ्यात आधी निळा डॅम्सेल हा भांडखोर मासा सोडला. तिथेच चुकलं. सगळे खडक त्याने आपलेच मानले. नंतर आणलेला फायरफिश हा बुजरा मासा पंपामागे दडून बसला. शेपटीची कड फाटलेली, खायलाही बाहेर येईना. फार वाईट वाटलं.

डॅम्सेलला वेगळ्या टाकीत हलवलं, खडकांची मांडणी बदलली. फायरफिश घाबरला की उडी मारतो, म्हणून वर जाळी लावली. तिसऱ्या दिवशी तो पाठीवरचा लांब पंख उभारून प्रवाहात तरंगत ब्राइन श्रिम्प (कोळंबीसारखे बारीक जीव) टिपायला लागला!

आता यादी नवी: आधी बुजरे, मग क्लाउनफिशची जोडी, डॅम्सेल सगळ्यात शेवटी. टँग हा खूप पोहणारा मासा मात्र यादीतून खोडलाच. माझ्या ३ फुटी टाकीत त्याला पोहायला जागा कुठली?