जर्मनमध्ये ‘जरा लवकर करा’ कसं म्हणायचं

मराठीत ‘जरा लवकर करा ना’ एवढं म्हटलं की भागतं. ‘जरा’ आणि ‘ना’ मिळून आज्ञेची धार घालवतात. त्याच सवयीने आपण जर्मनमध्ये ‘बआयलन झी झिश, बिटऽ’ म्हणतो. ‘झी’ आदरार्थी आहे, ‘बिटऽ’ (कृपया) हा शब्दही जोडलाय, म्हणजे बोलणं नम्र झालं असं वाटतं. पण जर्मन माणसाला त्यात आज्ञाच ऐकू येते. (इथे ‘झ’ झेडसारखा म्हणा; शेवटचा ‘ऽ’ म्हणजे ओझरता ‘अ’.)

पहिली दुरुस्ती म्हणजे वाक्याचा प्रश्न करा: ‘क्योन्टन झी झिश बिटऽ एटवास बआयलन?’, म्हणजे ‘थोडी घाई करू शकाल का?’ ओळखीच्या माणसाला ‘क्योन्टेस्ट डू डिश बिटऽ आइन बिसशन बआयलन?’ ‘झी’ असेल तर ‘झिश’, ‘डू’ असेल तर ‘डिश’. घाईत या जोड्यांची हमखास अदलाबदल होते. ‘क्योन्टन’ म्हणताना जीभ ‘ए’च्या जागी ठेवून ओठ ‘ओ’सारखे गोल करा. ओठ गोल पण जीभ मागे राहिली तर ‘कोन्टन’ होतं आणि ते भूतकाळी रूप आहे, त्यातली विनंती निघून जाते. ‘बआयलन’मध्ये ‘ब’नंतर किंचित थांबून ‘आय’ सुरू करा. ‘बीलन’ म्हटलंत तर समोरच्याला शब्दच कळणार नाही.

हे वाक्य व्याकरणाने नम्र असलं तरी ‘तुम्ही हळू आहात’ हे त्यात आलंच. म्हणून अनोळखी माणसाशी बोलताना त्याच्या वेगाबद्दल न बोलता स्वतःची अडचण आणि वेळ सांगणं कधीही चांगलं. सुपरमार्केटच्या रांगेत हातात एकच वस्तू असेल तर: ‘एन्टशुल्डिगुंग, माइन त्सूग फेअर्ट इन त्सेन मिनूटन. क्योन्टन झी मिश फिलाइश्ट फोअरलासन?’ (माफ करा, माझी गाडी १० मिनिटांत सुटते. मला पुढे जाऊ द्याल का?) टॅक्सीत ‘जोरात चालवा’ म्हणू नका, वेगमर्यादा मोडायला सांगितल्यासारखं होतं. त्याऐवजी ‘इश मुस उम फिअरत्सेन ऊअर आम हाउप्टबानहोफ झाइन. शाफन वीअर डास?’ (मला १४ वाजता मुख्य स्टेशनवर पोचायचंय. जमेल का?) एवढं विचारलं की मार्ग कसा काढायचा ते चालक बघतो.

रेस्टॉरंटमध्ये घाई असेल तर ती ऑर्डर देतानाच सांगा. पदार्थ शिजायला लागल्यावर वेटरच्या हातात फारसं काही नसतं. उशीर होत असेल तर विचारा: ‘विसन झी, वी लांगऽ एस उनगफेअर नोख डाउअर्ट?’ (अंदाजे अजून किती वेळ लागेल?) बिल सहसा मागितल्याशिवाय येत नाही, म्हणून शेवटचा घास व्हायच्या आधीच ‘क्योन्टन वीअर बिटऽ शोन त्सालन?’ (आताच बिल देऊ शकतो का?) म्हणा. पुढचा प्रश्न ‘त्सुझामन ओडर गट्रेन्ट?’ (एकत्र की वेगवेगळं?) हा असतो. त्याचं उत्तर टेबलावर आधीच ठरवून ठेवा.

घरच्यांना आणि मित्रांना निघायला सांगायला माझ्या मते सगळ्यात गोड वाक्य ‘वीअर म्युस्टन लांगझाम लोस’. ‘लांगझाम’ म्हणजे खरं तर ‘हळू’, पण इथे अर्थ ‘चला, आता निघायला हवं’. शिवाय ‘वीअर’ म्हणजे ‘आपण’, त्यामुळे घाई दोघांची होते. याउलट ‘एन्टलिश’ (एकदाचं) हा शब्द टाळाच, तो वैतागच दाखवतो. ‘माल’ हा शब्द एरवी विनंती मऊ करतो, पण ‘बआयलन’बरोबर आला की वैतागलेला वाटतो. ‘डाली डाली’, ‘त्साक त्साक’, ‘माख हिन’ (चल, आटप) कानावर पडतील. बाहेरच्या माणसाशी वापरू नका.

ईमेलमध्ये ‘लवकरात लवकर’पेक्षा ठरावीक दिवस आणि वेळ द्या: ‘क्योन्टन झी मीअर बिटऽ बिस फ्रायटाग, त्स्व्योल्फ ऊअर, बशाइट गेबन?’ (शुक्रवारी १२ पर्यंत कळवाल का?) त्याआधी एका ओळीत कारण लिहा. आठवण करून द्यायची असेल तर सुरुवात ‘इश वोल्टऽ कुर्त्स नाखफ्रागन’ (थोडी चौकशी करायची होती) या वाक्याने करा. ‘उमगेअंट’ (ताबडतोब) आणि ‘उनफेअरत्स्यूकलिश’ (विनाविलंब) हे शब्द जपून वापरा. दुसरा तर थेट कायद्यातला आहे. जर्मन नागरी संहितेच्या कलम १२१ मध्ये त्याची व्याख्या आहे.

व्हिसा किंवा निवास-परवाना अडकला असेल तर परदेशी नागरिक कार्यालयाला लिहिताना विषयात ‘झाखश्टान्ट्सआनफ्रागऽ’ (प्रकरणाच्या सद्यस्थितीची विचारणा) आणि तुमचा ‘आक्टनत्सायशन’ म्हणजे फाइल क्रमांक टाका. क्रमांक नसेल तर फाइल शोधण्यातच वेळ जातो. मग विचारा: ‘वान कान इश फोराउसझिश्टलिश मिट आइनर एन्टशायडुंग रेशनन?’ (निर्णय साधारण कधी अपेक्षित आहे?) नोकरी सुरू होण्याची तारीख असलेलं कंपनीचं पत्र सोबत जोडा. अर्जावर निर्णयच होत नसेल तर साधारण ३ महिन्यांनंतर न्यायालयात जाता येतं, पण पहिल्याच पत्रात त्याचा उल्लेख केलात तर नम्रपणा संपलाच म्हणून समजा.

११२ या आपत्कालीन क्रमांकावर फोन करताना यातलं काहीच लागत नाही. ‘कोमन झी बिटऽ श्नेल!’ (कृपया लवकर या!) तिथे पूर्ण योग्य आहे. पत्ता सगळ्यात आधी सांगा आणि पलीकडचे प्रश्न संपेपर्यंत फोन ठेवू नका.