मुलगी अमेरिकेत, कागद ठाण्यात: ‘वावा’च्या अर्जात या चुका टाळा

नौपाड्यात बसून मी जन्माचे आणि लग्नाचे दाखले, पोलिसांच्या एनसी (अदखलपात्र तक्रारी) इंग्रजीत करून देते. अधूनमधून एखादं जोडपं फाइल छातीशी धरून येतं. मुलगी अमेरिकेत, नवरा हात उचलतो, आणि ‘ग्रीन कार्ड त्याच्या हातात आहे हो’ हे पालुपद.

पहिली चूक तिथेच होते. नवरा अमेरिकन नागरिक किंवा ग्रीन कार्डधारक असेल, तर अमेरिकेच्या १९९४च्या ‘वावा’ (महिलांवरील हिंसाचाराविरुद्धच्या) कायद्याखाली ती स्वतः ग्रीन कार्डाच्या वाटेवरचा पहिला, आय-३६० हा अर्ज करू शकते. त्याची सही लागत नाही, फी नाही, आणि तिथलं इमिग्रेशन खातं त्याला कळवतही नाही. घटस्फोट छळामुळेच झाला असेल, तर दोन वर्षांच्या आत अर्ज जायला हवा. नवरा नोकरीच्या एच-१बी व्हिसावर असेल तर मात्र ही वाट बंद. अशा नवऱ्याच्या जोरावर मिळालेल्या एच-४ व्हिसावरच्या बायकोला कामाच्या परवान्यापुरती वेगळी सोय आहे. हे आधी वकिलाकडून पक्कं करून घ्या, मग माझ्याकडे या.

सगळ्यात मोठा घोळ निवेदनात, म्हणजे अर्जासोबत मुलीने स्वतः लिहायच्या हकिकतीत. एका वडिलांनी आणलेल्या मसुद्यात होतं, ‘माझा शारीरिक व मानसिक छळ करून मला क्रूरतेची वागणूक दिली.’ आपल्याकडच्या तक्रार अर्जात हे वाक्य छापल्यासारखं असतं. तिथल्या अधिकाऱ्याला त्यातून काय कळणार? मी मुलीला फोनवर विचारलं, भाजी कोण आणायचं? थोडा वेळ गप्प. मग म्हणाली, “मीच. पण ताई, तो पावती बघायचा. कोथिंबिरीच्या दोन जुड्या दिसल्या म्हणून त्याने रात्रभर बाल्कनीत उभं केलं. जानेवारी होता.” म्हटलं, हेच लिही, अस्सं. मारहाणीचा वळ नसला तरी असा टोकाचा जाच त्या कायद्यात धरतात. पोलीस रिपोर्ट नाही म्हणूनही अडून बसू नका. शेजारीण, डॉक्टर, जुने मेसेज, विश्वासार्ह असेल ते सगळं विचारात घेतात.

रागाच्या भरात लग्नाचे फोटो डिलीट करू नका. लग्न खरं होतं आणि दोघं एकत्र राहत होते, हेही तिलाच दाखवायचं असतं.

नावांचं तर विचारूच नका. जन्मदाखल्यावर मधलं नाव वडिलांचं, पासपोर्टवर नवऱ्याचं, आणि सासरी तांदळाच्या ताटात तिसरंच लिहिलेलं. फरक लपवू नका, निवेदनात दोन ओळींत सांगा.

अपोस्टिलसाठी (परदेशात चालावं म्हणून कागदावर मारून घ्यायचा सरकारी शिक्का) एजंटला पैसे मोजू नका, या अर्जाला ते लागत नाही. भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि आपल्याला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतरकाराने सहीनिशी लिहून दिलं की पुरतं.

मुलगी परत ठाण्यात आली असेल आणि पीसीसी (गुन्हा नोंद नसल्याचा पोलिसांचा दाखला) काढायची असेल, तर आधी आधारवरचा पत्ता बघा. तिथे सासर असेल तर चौकशीचा पोलीस सासरच्या दारात उभा राहील.

पुढे वाट बघणं, तेही वर्षानुवर्षं. घर बदललं की दहा दिवसांत पत्ता कळवायचा. जादा पुरावे मागणारं पत्र आलं तर जास्तीत जास्त ८४ दिवस मिळतात, आणि उत्तर एकदाच, सगळं एकत्र. यातलं काहीही नातेवाइकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकू नका. त्यात नवऱ्याची आत्या असतेच.

आणि हो, आय-३६० मंजूर होण्याआधी दुसरं लग्न झालं तर अर्ज बाद होतो. स्थळं नंतर बघा.