घडीच्या चाकूचे घट्ट पाते मोकळे करताना
व्हिक्टोरिनॉक्स या स्विस कंपनीच्या चाकूसारख्या घडीच्या चाकूचे पाते नखाने ओढूनही उघडेनासे झाले, की दोष बहुधा स्प्रिंगचा नसतो. आंब्याचा चीक, खिशातले सुताचे तंतू आणि धूळ यांचा काळपट थर पात्याच्या बुडाशी, रिव्हेटभोवती, म्हणजे पाते ज्या खिळ्यावर फिरते त्याभोवती, बसलेला असतो. त्यावरच तेल सोडले, तर घाण निघण्याऐवजी तिचा लगदा होतो, म्हणून आधी धुणे आवश्यक आहे. कोमट पाण्यात भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून चाकू बुडवावा आणि बोटे धारेपासून दूर ठेवून पाण्यातच प्रत्येक पात्याची दहा-बारा वेळा उघडझाप करावी. खाचेतला मळ दातकोरणीने काढावा. लाकडी मुठीचा चाकू मात्र बुडवू नये, कारण लाकूड फुगते आणि पाते आणखीच आवळले जाते. धुतल्यावर पाती उघडी ठेवून चाकू पूर्ण वाळवावा. मग रिव्हेटपाशी, पात्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींत, शिलाई मशीनच्या तेलाचा एकेकच थेंब सोडावा. फळे कापायची असतील, तर औषधांच्या दुकानात मिळणारे लिक्विड पॅराफिन बरे. खोबरेल हाताशी असते खरे, पण ते थंडीत थिजते. पुन्हा उघडझाप करताना सुरुवातीला काळे तेल बाहेर येते. ते फडक्याने, पात्याच्या पाठीकडून धारेकडे, पुसून घ्यावे.