शाकाहारी आणि गरोदर, त्यात कोल्हापूर – माझा अनुभव

पाचव्या महिन्यात माझं हिमोग्लोबिन ९.४ आलं. गरोदरपणात ११ च्या खाली म्हणजे कमीच. झालं, घरोघरी एकच सल्ला, पांढरा रस्सा पी की, काय होतंय! अहो पण आम्ही माळकरी, घरात अंडंसुद्धा येत नाही.

गोळ्या तर चालूच होत्या, पण डॉक्टर मॅडमनी कधी घेतेस, कशासोबत घेतेस असं खोदून विचारलं तेव्हा कळलं की घोळ वेळेचा होता. लोहाची गोळी, कॅल्शियमची गोळी आणि वर कपभर चहा, सगळं एकदमच व्हायचं आणि चहा न् कॅल्शियम दोन्ही लोह अंगी लागू देत नाहीत. मग लोहाची गोळी सकाळी लिंबूपाण्यासोबत, चहा तासाभरानं पुढं, कॅल्शियम रात्री जेवल्यावर. दुपारी मोड आलेल्या मटकीची उसळ, कट अगदी पातळ नि वरून अर्धं लिंबू, कारण सी व्हिटॅमिननं कडधान्यातलं लोह नीट शोषलं जातं. गूळ मात्र चवीपुरताच, त्यातनं लोह भरून निघत नाही, आपल्या गुळाचं कितीही कौतुक असलं तरी.

बी१२ पण कमी निघालं, ते डाळी-भाज्यांत नसतंच, म्हणून दूध, ताक आणि मॅडमनी लिहून दिलेली गोळी. सासूबाई गंगावेशीतलं धारोष्ण दूध आणू म्हणत होत्या, मी म्हटलं आई, या दिवसांत कच्चं नको, उकळूनच द्या.

पुढच्या तपासणीत १०.८ आलं. गोळ्या अजून चालूच आहेत.